होमगार्डमध्ये यायचंय? मग आधी उभं राहायला शिका

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या माझ्या दुकानात खाकी शिवायला येणारी पोरं-पोरी मापं देता देता विचारतात, "मावशी, होमगार्डची भरती कधी निघणार?" कधी निघणार ते जाहिरात आली की सगळ्यांनाच कळतं. त्याआधी काय करून ठेवायचं, ते मात्र मला सांगता येईल. बरीच वर्षं मशीनवर खाकी शिवतेय आणि सणासुदीला तीच अंगावर घालून होमगार्ड म्हणून पोलिसांच्या मदतीला चौकात उभी राहतेय.

पहिलं पैशाचं बोलू, कारण तिथंच जास्त घोळ होतो. होमगार्डला महिन्याचा पगार नाही, पेन्शन नाही. हे मानसेवी काम आहे. बोलावणं आलं, ड्यूटी केली, तर त्या दिवसाचा भत्ता मिळतो. २०२४ च्या ऑक्टोबरात सरकारनं दिवसाचा कर्तव्यभत्ता ५७० वरून १०८३ रुपये केला, आठवड्याच्या कवायतीचा ९० वरून १८०. आकडा बघून कुणी हातातली नोकरी सोडू नका. गणपती, नवरात्र, निवडणूक अशा दिवसांत बंदोबस्त एकामागोमाग एक लागतो आणि मधले कितीतरी आठवडे कवायतीपलीकडं काही नसतं. ज्याचं पोट दुसऱ्या धंद्यावर आहे, त्यालाच हे झेपतं. दुकान, शेती, रिक्षा, म्हशी, काहीही चालेल, फक्त बोलावणं आलं की बाजूला ठेवता आलं पाहिजे.

ही संघटना उभी राहिली तीही अशाच माणसांवर. ६ डिसेंबर १९४६ ला मुंबईत, दंगलीच्या दिवसांत, मोरारजी देसाई प्रांताचे गृहमंत्री असताना. पोलिसांना हात कमी पडत होते म्हणून कामधंदा करणारे नागरिक मदतीला घेतले. १९४७ ला त्याचा कायदा झाला. त्या कायद्यानं आपल्याला ड्यूटीवर बोलावलं की पोलिसाचे अधिकार आणि संरक्षण मिळतं. ड्यूटी संपली की आपण परत शिंपीण, रिक्षावाले, शेतकरी. घरी जाताना गणवेशाच्या जोरावर भाजीवालीशी घासाघीस करणारे दोन-चार मी बघितलेत, त्यांच्यासारखं होऊ नका.

आता पात्रता. वय २० पूर्ण पाहिजे आणि ५० च्या आत. शिक्षण किमान दहावी पास. उंची पुरुषांना १६२ सेंटिमीटर, महिलांना १५०. पुरुषांची छाती न फुगवता ७६ आणि फुगवून किमान ५ सेंटिमीटर जास्त. उंची घरी भिंतीला टेकून मोजताना पायात चप्पल नको आणि केसांचा फुगा नको. मी टेप हातात घेऊन सांगते, निम्म्या लोकांना आपली खरी उंची माहीत नसते.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, होमगार्डच्या महासमादेशक (म्हणजे राज्याच्या प्रमुख) कार्यालयाच्या संकेतस्थळावर. आपण जिथं राहतो तिथल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत जे पथक येतं, त्याच पथकासाठी अर्ज चालतो. मामाचं गाव कागलात आहे, तिथं जागा जास्त आहेत म्हणून तिथून भरतो, असलं काही करू नका. रहिवासाचा पुरावा बघतात तेव्हा उघडं पडतं.

कागदपत्रं जाहिरात यायच्या आधीच एका फाईलीत लावा. आधार आणि मतदान ओळखपत्र दोन्ही लागतात. दहावीचं प्रमाणपत्र, जन्मतारखेसाठी बोर्डाचं प्रमाणपत्र नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला. पोलिसांकडचं चारित्र्य प्रमाणपत्र तीन महिन्यांच्या आतलं असावं लागतं, म्हणून ते तेवढं आधी काढून ठेवू नका, जाहिरात आल्यावरच काढा. खासगी नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र. शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला एमआयडीसीत कामाला असाल तर हा कागद सगळ्यात जास्त वेळ खातो. सुपरवायझरला वाटतं, ऐन ऑर्डरच्या घाईत हा गणपतीला पळणार. त्याला सरळ सांगा की पळणार, आणि बदल्यात कुठल्या सुट्टीच्या दिवशी काम भरून देणार तेही सांगा. लपवून घेतलेल्या सहीला पहिल्या बंदोबस्तातच भांडण लागतं.

लग्न झालेल्या बायकांनी एक गोष्ट आजच तपासा. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि मतदान कार्डावर तिसरंच काहीतरी, हे घरोघरी आहे. लग्नाच्या नोंदणीचा दाखला नाहीतर नावबदलाचं राजपत्र जवळ असू दे. रांगेत उभं राहिल्यावर नवऱ्याला फोन करून "कपाटातली निळी फाईल बघा" म्हणायची वेळ येऊ नये.

आयटीआय झालं असेल, एनसीसीचं बी किंवा सी प्रमाणपत्र असेल, जड वाहनाचा परवाना असेल, खेळात किमान जिल्हा पातळीपर्यंत गेला असाल, माजी सैनिक असाल, तर ते कागद नक्की जोडा. त्याचे वेगळे गुण मिळतात. पुष्कळ पोरं ट्रकचा परवाना खिशात घेऊन येतात आणि अर्जात लिहीतच नाहीत.

मैदानी चाचणीत धावणं आणि गोळाफेक. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८००. गोळा पुरुषांना ७.२६० किलोचा, महिलांना ४ किलोचा. धावायला आपल्याकडं जागेची वाण नाही. रंकाळा आहे, विद्यापीठाच्या आतले रस्ते आहेत, गावाकडं बांधावरची पायवाट आहे. पण चारशे मीटरच्या मोजलेल्या ट्रॅकवर आठवड्यातून एकदा तरी घड्याळ लावून धावा. महिलांना दोन फेऱ्या, पुरुषांना चार. मैदानात शिट्टी वाजली की सगळे पहिली फेरी बैलगाडीच्या शर्यतीसारखे सुटतात आणि शेवटच्या फेरीत कंबरेवर हात ठेवून चालत येतात. पहिला शंभर मीटर मुद्दाम मागं राहा, मधे वेग धरा, शेवटी उरलेलं सगळं काढा. रोज धावू नका, आठवड्यात दोन दिवस पाय मोकळे ठेवा. नडगी दुखायला लागली तर थांबा, दुखणं दाबून पळालेले लोक चाचणीच्या दिवशी घरी असतात.

गोळ्याचं तालमीतल्या वस्तादांना विचारा. तिथं जोर-बैठका घालणाऱ्या पोराच्या खांद्यात ताकद असतेच, पण तो गोळा चेंडूसारखा फेकतो आणि कोपर दुखावून घेतो. गोळा मानेला, हनुवटीखाली टेकवायचा आणि तिथून ढकलायचा. जोर पायातून, कंबरेतून वर येतो, हात शेवटी. दगडावर सराव करू नका, खरा गोळा कुणाकडून तरी मागून घ्या, त्याचा गोलावा हाताला कळला पाहिजे.

निवड झाली की प्रशिक्षण. कवायतीचे हुकूम हिंदीत असतात, सावधान, विश्राम, दाहिने मुड, पीछे मुड, कदमताल, थम. सुरुवातीला सगळ्यांचेच हातपाय उलटे पडतात. चालायला सुरुवात नेहमी डाव्या पायानं, हे एवढं घरात आरशासमोर पक्कं केलंत तर कवायत शिकवणाऱ्या उस्तादांची अर्धी ओरड वाचेल. शस्त्राची ओळख होते, आग विझवायचं, वाहतूक सांभाळायचं, प्रथमोपचार आणि शोध-बचाव शिकवतात. यातलं प्रथमोपचार जीव लावून शिका. चेंगराचेंगरीत, उन्हात, डीजेच्या भिंतीसमोर माणूस कोसळतो तेव्हा रुग्णवाहिका गर्दीतून यायला वेळ लागतो. श्वास नाही, हालचाल नाही, तर कुणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगून छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला किमान ५ सेंटिमीटर खोल. शिवणयंत्रावर बसणाऱ्यांना ताल कळतो, बाकीच्यांनी मोठ्यानं मोजत करायचं. पाठीवर थापट्या मारणं, तोंडात पाणी ओतणं, कांदा हुंगवणं, हे करायला भोवतीचे दहा जण पुढं येतात. त्यांना अडवणं हाही आपल्याच कामाचा भाग.

आणि आता मूळ मुद्दा. चाचणी धावण्याची होते, पण काम उभं राहण्याचं असतं. अनंत चतुर्दशीला मिरजकर तिकटी ते पापाची तिकटी ज्यांनी ड्यूटी केली, त्यांना विचारा. मिरवणूक सकाळी निघते आणि दुसरा दिवस उजाडला तरी महाद्वार रोडवर ढोल चालूच असतो. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालात डोळे चुरचुरत असतात, समोरून सासनकाठी, म्हणजे देवाची उंच मानाची काठी, झुलत येत असते आणि आपल्याला ती जायला वाट करून द्यायची असते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग भवानी मंडपापर्यंत आली की "अजून किती वेळ?" या प्रश्नाला दिवसभर त्याच शांत आवाजात उत्तर द्यावं लागतं. निवडणुकीत तर दुसऱ्या जिल्ह्यातही पाठवतात.

उभं राहायचा सराव होतो, आणि तो घरीच होतो. भाजी निवडणं, फोनवर बोलणं, टीव्ही बघणं, सगळं उभ्यानं करा. गुडघे ताठ लॉक करू नका, नाहीतर चक्कर येते. बुटात बोटं हलवत राहा, टाचा उचला-टेकवा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्या. नवे बूट पहिल्यांदा बंदोबस्तालाच घालायचे नाहीत, आधी पंधरा दिवस संध्याकाळी घरात घालून फिरा, आत जाड सुती मोजे. गणवेश मिळाला की तो तुमच्या मापाचा असेलच असं नाही. सुती खाकी असेल तर मापात करायच्या आधी एकदा भिजवून वाळवा, आटतं ते आधीच आटू दे. काखेत आणि मांडीला बोटभर सैल ठेवायला सांगा. आरशात फिट्ट दिसणारा शर्ट हात वर करून गाड्या थांबवताना फाटतो, आणि तो उसवलेला शर्ट रात्री माझ्याकडंच येतो.

खिशात काय असावं, तर शिट्टी, पेन, छोटी वही, कापसाचे बोळे, ओआरएसची पुडी, खडीसाखर किंवा गुळाचा खडा, ओला रुमाल. डीजेजवळ ड्यूटी लागली तर कानात बोळे घालायला लाजू नका.

बायकांसाठी वेगळं लिहिते, कारण हे वर्गात कुणी सांगत नाही. आपण लघवीला जागा नसते म्हणून पाणीच पीत नाही. मग दुपारी डोकं दुखतं, संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे येतात आणि आठ दिवसांनी जळजळ घेऊन डॉक्टरकडं. असं करू नका. ठिकाणावर पोचल्या पोचल्या, गर्दी वाढायच्या आत, आजूबाजूची शाळा, दवाखाना, पोलीस चौकी, देवळाची धर्मशाळा बघून ठेवा आणि नसेल तर गल्लीतल्या एखाद्या घरी जाऊन सरळ विचारा. पेठेतल्या बाया नाही म्हणत नाहीत, वर चहा देतात. सोबतच्या बाईशी आळीपाळी ठरवून घ्या, म्हणजे जागा रिकामी राहत नाही. मासिक पाळीचे दिवस असतील तर गडद रंगाची पिशवी, जास्तीचे पॅड आणि एक पँट जवळ ठेवा, आणि पथकातल्या वरिष्ठ बाईला आधीच सांगा, फिरत्या ड्यूटीऐवजी चौकीजवळची ड्यूटी मागता येते.

गर्दीशी बोलताना हात कमी, आवाज जास्त. आवाज जास्त म्हणजे ओरडणं नव्हे. "मागं व्हा" म्हटलं तर कुणी हलत नाही, कारण मागं जागाच नसते. "डाव्या बाजूनं पुढं चला, तिकडं रस्ता मोकळा आहे" म्हटलं की माणूस चालायला लागतो. लोक दाबले जायला लागले तर हातांची साखळी धरून अडवू नका, बाजूचा बोळ मोकळा करा आणि लगेच आपल्या पोलीस अधिकाऱ्याला कळवा. काठी शेवटची, आणि तीही हुकूम असला तरच. ओळखीचा माणूस "अहो, मी बावड्याचाच" म्हणून बॅरिकेडच्या आत घुसायला बघतो, त्याला सगळ्यात आधी अडवा.

पुराच्या दिवसांत वेगळं काम लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या गावांत काय झालं ते इथं कुणाला नव्यानं सांगायला नको. पोहता येत असेल तर ते पथकात आधीच नोंदवा. येत नसेल तर पाण्यात उतरायची हिंमत दाखवू नका, बोटीच्या काठावर म्हाताऱ्यांना हात द्यायला, पुलावर लोकांना अडवायला माणसं लागतातच. पाण्याखालच्या रस्त्यावर गाडी घालणाऱ्याला परत वळवायचं काम ऐकायला सोपं वाटतं, पण त्याला वाटत असतं की आपली गाडी उंच आहे. त्याच्याशी वाद घालू नका. बॅरिकेडच्या आधीच, जिथं वळायला जागा आहे तिथं त्याला गाठा.

नोंदणी तीन वर्षांसाठी असते, पुढं काम बघून वाढते. आठवड्याच्या कवायती बुडवल्या तर ती वाढायला अडचण येते, म्हणून घरच्यांना तो वार आधीच सांगून ठेवा. पोलीस भरतीत, वनखात्यात आणि अग्निशमन दलात तीन वर्षं पूर्ण केलेल्या होमगार्डला पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठीच बरीच तरुण पोरं येतात, त्यात वावगं काही नाही. मग पहिल्या दिवसापासून एक वही घाला, तारीख, ठिकाण, किती तास, कुणाच्या हाताखाली. ड्यूटीचा आदेश आला की त्याचा फोटो काढून ठेवा आणि प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स काढून आईकडं द्या. भत्ता खात्यावर जमा झाला की वहीतल्या त्या दिवसासमोर बरोबरची खूण करा. जिथं खूण नाही, तिथली तारीख घेऊन पथकाच्या कार्यालयात जायचं, आणि रिकाम्या हातानं नाही, वही घेऊन.