गाडीतला रेडिओ ६६० वर ठेवा

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या आपल्या पोरापोरींना मी सोशल सिक्युरिटी नंबर, क्रेडिट स्कोअर किंवा तूरडाळ कुठे स्वस्त मिळते हे सांगत बसत नाही. ते सगळं त्यांना विमानात बसायच्या आधीच ठाऊक असतं. मी सांगते ते वेगळंच. जुनी का होईना, गाडी घ्या आणि एप्रिल ते ऑक्टोबर कामावर जाता-येता रेडिओ एएम ६६० वर ठेवा. डब्ल्यूएफएएन, न्यूयॉर्कचं स्टेशन, लोक नुसतं 'द फॅन' म्हणतात. बेसबॉल कळत नसला तरी ठेवा.

हे स्टेशन १ जुलै १९८७ ला सुरू झालं. तेव्हा ते १०५० वर लागायचं, पुढच्या वर्षी ६६० वर आलं. चोवीस तास फक्त खेळाच्या गप्पा, गाणी नाहीत, बातम्या नावापुरत्या. पहिल्या दिवशी तिथे पहिला आवाज उमटला तो एका बाईचा, सुझिन वॉल्डमनचा. तीच पुढे यँकीज या न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाच्या रेडिओ कॉमेंट्रीत दिसली, म्हणजे ऐकू आली. मी १९९९ मध्ये साताऱ्याहून इथे आले तेव्हा दुपारच्या वेळी 'माइक अँड द मॅड डॉग' चालायचं. माइक फ्रँचेसा आणि ख्रिस रुसो. एक गंभीर, सगळं आपल्यालाच कळतं अशा थाटाचा. दुसरा पट्टी चढली की खाली न उतरणारा. रूट वनवरच्या ट्रॅफिकमध्ये माझ्या सेकंडहँड कोरोलात ते दोघे तावातावाने भांडायचे आणि मला त्यातलं अर्धंही समजायचं नाही. सूर मात्र पहिल्या आठवड्यातच ओळखला. आमच्या वाड्याच्या ओट्यावर संध्याकाळी जमणारे रिटायर्ड मास्तर आणि तलाठी बोलायचे तोच हा सूर. पगार वाढला तरी तक्रार, पाऊस पडला तरी तक्रार, आणि ओट्यावर यायला एक दिवसाची सुट्टी नाही.

फोन करणाऱ्यांची एक ठरलेली रीत आहे. सुरुवातीला 'फर्स्ट टाइम, लाँग टाइम' म्हणायचं. म्हणजे ऐकतोय वर्षानुवर्षं, फोन आज पहिल्यांदा. शेवटी 'आय'ल हँग अप अँड लिसन' म्हणायचं. मधल्या चाळीस सेकंदांत मुद्दा मांडायचा. मी एकदा एका स्टेशनला फोन लावला होता. अर्धा तास होल्डवर ठेवलं, मग आत घेतलं. मी आपल्या पद्धतीने आधी क्षेमकुशल विचारलं, मग माझी पार्श्वभूमी सांगायला लागले. 'माझा जन्म भारतात' इथपर्यंत पोचले आणि जाहिरात लागली. तेव्हा लक्षात ठेवा, इथे प्रस्तावना नाही, थेट गाऱ्हाणं.

आणि गाऱ्हाणं बहुतेकदा एकाच गोष्टीचं असतं: काहीतरी बदललं.

बेसबॉलवाल्याला बदल सोसत नाही हे पहिल्याच मोसमात कळेल. पण कुठला बदल तो दोन महिन्यांत पचवतो आणि कुठला नातवंडांपर्यंत पोचवतो, हे ओळखायला मला वीस वर्षं लागली.

नियमांचं बघा. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, बॅटिंग करायची की नाही, यावर इथे पन्नास वर्षं वाद झाला. आपल्या अकरा नंबरच्या फलंदाजासारखेच हे पिचर. बॅट हातात आली की प्रेक्षक हॉटडॉग आणायला उठणार. इथल्या दोन लीगपैकी अमेरिकन लीगने १९७३ मध्ये त्याच्या जागी दुसऱ्याला बॅटिंगला पाठवायची सोय केली, तो डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे डी-एच. पहिला डी-एच यँकीजचा रॉन ब्लूमबर्ग. नॅशनल लीग मात्र हटून बसली. न्यूयॉर्कचा दुसरा संघ मेट्स त्या लीगमधला, त्यामुळे त्यांचे चाहते 'आमचा खेळ शुद्ध' हे सोवळ्यात बसल्यासारखं सांगायचे. शेवटी २०२२ मध्ये दोन्हीकडे डी-एच कायम झाला. आता बुडाला खेळ, असे फोन आले. आज त्यावर चकार शब्द ऐकू येत नाही. १९९५ पासून वाइल्ड कार्डमुळे दुसऱ्या नंबरचा संघही बाद फेरीत जायला लागला, तेव्हाही हेच. आता सप्टेंबरमध्ये वाइल्ड कार्डची गणितं बोटांवर मोजणारे तेच लोक असतात.

सगळ्यात मोठा धुरळा उडाला २०२३ मध्ये, घड्याळ आलं तेव्हा. बेसवर, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेतल्या टप्प्यांवर, कोणी नसेल तर पिचरने पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा, असेल तर वीस. पुढच्या वर्षी वीसचे अठरा केले. बॅटरनेही आठ सेकंद उरायच्या आत तयार उभं राहायचं, नाहीतर फुकटचा स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले की आउट. फेब्रुवारीतल्या सराव सामन्यांत ब्रेव्ह्ज आणि रेड सॉक्स सहा-सहा बरोबरीत, शेवटची इनिंग, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, तीन बॉल दोन स्ट्राइक. अंपायर पुढे सरसावला. ब्रेव्ह्जच्या कॅल कॉनलीला वाटलं चौथा बॉल झाला, आपल्याला वॉक म्हणजे पहिला बेस फुकट मिळाला, जिंकलो, आणि तो पहिल्या बेसकडे निघाला. अंपायरने सांगितलं, तू वेळेत तयार नव्हतास, तिसरा स्ट्राइक, आउट. मॅच तिथेच बरोबरीत संपली. त्यानंतर रेडिओवर जे काही ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच वसंतात मी एक घोडचूक केली. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, ब्रुकलिनमध्ये वाढलेले, मेट्सवाले. अंगणात खुर्ची टाकून रेडिओ ऐकत घड्याळाच्या नावाने बोटं मोडत होते. मी शहाणपणाने म्हटलं, 'पण आधी मॅच तीन तासांच्या वर जायची, आता दोन तास चाळीस मिनिटांत आटोपते. बरंच झालं की!' त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'घरी जायची एवढी घाई होती तर आलीस कशाला?' आवाज पुन्हा वाढवला.

माझा आकडा बरोबर होता, पण त्यांना आकडा नको होता. सत्यनारायणाची पूजा पाऊण तासात आटोपली हे कौतुकाने सांगणाऱ्या भटजीकडे आजी ज्या नजरेने बघायची, ती नजर होती ती. (बिअरवाल्यांना मात्र घड्याळाचं मर्म लगेच कळलं. सातव्या इनिंगनंतर विक्री बंद व्हायची. मॅच लवकर संपून गल्ला घटतोय म्हटल्यावर काही संघांनी ती आठव्या इनिंगपर्यंत लांबवली.)

तर नव्याने आलेल्यांनी एवढं करा: चाहता बदलावर चिडला असेल तर त्याला समजावू नका. 'पूर्वी कसं होतं?' एवढंच विचारा आणि चहा थंड होईपर्यंत ऐका. माझ्या ऑफिसातल्या निम्म्या ओळखी या एका प्रश्नावर झाल्या. 'आमच्या क्रिकेटमध्ये' ने वाक्य सुरू करायचा मोह आवरा, निदान पहिली दोन वर्षं. आपण तरी कुठे वेगळे आहोत? माझे काका बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकायचे. वन-डे रंगीत कपड्यांत आली त्या दिवशी 'हा तमाशा झाला' म्हणाले आणि नंतर एकही चुकवली नाही.

दुसरी जात न पचणाऱ्या बदलांची. संघ गाव सोडून गेला की तो बदल नसतो, घर फुटणं असतं. १९५७ चा मोसम संपला आणि ब्रुकलिनचे डॉजर्स लॉस एंजेलिसला गेले, जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला. १९६२ मध्ये मेट्स आले तेव्हा त्यांनी निळा रंग डॉजर्सचा घेतला आणि भगवा जायंट्सचा. शेजारच्या आजोबांच्या वडिलांनी मेट्सची टोपी घातली, पण मरेपर्यंत संघाला 'नवीन पोरं' म्हणायचे. २०२४ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ए'ज (ॲथलेटिक्स) संघाने कोलिझियममध्ये शेवटची मॅच खेळून गाव सोडलं. न्यूयॉर्कवाल्यांचा ओकलंडशी काडीचा संबंध नाही, तरी त्या दिवशी न्यूयॉर्कच्या रेडिओवर माणसं फोन करून गहिवरत होती. अशा वेळी काही विचारूही नका.

यँकीजवाल्यांचं दुखणं निराळं. त्यांच्याकडे खेळाडूंनी दाढी ठेवायची नाही असा नियम होता, १९७० च्या दशकापासूनचा. २०२५ च्या फेब्रुवारीत मालकांनी नीट राखलेली दाढी चालेल म्हणून सांगितलं. त्या दिवशी पार्कवेवर एक्झिट चुकण्याइतकी मी हसले. लग्नाला आलेल्या जावयाच्या कपड्यांवरून होते तशी चर्चा, चार तास.

आता काही सुट्या सूचना. कुठल्याही संघाची टोपी सेलमध्ये मिळाली म्हणून घालू नका; ती आडनावासारखी असते. एडिसनच्या आसपास यँकीज आणि मेट्स दोन्ही सापडतील, दक्षिणेकडे सरकाल तसे फिलाडेल्फियाच्या फिलीजचे चाहते. तिकडचं स्टेशन डब्ल्यूआयपी. तिथले फोन ऐकल्यावर न्यूयॉर्कवाले मवाळ वाटायला लागतात. आणि जाहिरातींपासून सावध राहा. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर इथे खेळावर सट्टा लावणं कायदेशीर झालंय, दर दहा मिनिटांनी रेडिओ फुकट पैज लावायला बोलावतो. पहिल्या वर्षीच्या पगारातून फर्निचर घ्या.

या मोसमापासून आणखी एक नवं आलंय. स्ट्राइक की बॉल यावर अंपायरच्या निर्णयाला आव्हान देता येतं, आपल्या डीआरएससारखं. बॅटर, पिचर किंवा कॅचर, तिघांपैकीच कोणीतरी, तेही लगेच, डोक्यावर थाप मारून. मग यंत्र सांगतं. प्रत्येक संघाला दोन संधी, बरोबर ठरलात तर ती संधी शाबूत. आजोबा महिनाभर पेटले होते. 'अंपायर चुकणारच, माणूस आहे तो, चुकण्यातच खेळ आहे,' वगैरे.

परवा संध्याकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले. आजोबा खुर्चीत, रेडिओ खिडकीत. अंपायरने मेट्सच्या बॅटरविरुद्ध तिसरा स्ट्राइक दिला. आजोबा ताडकन उठले आणि आपल्याच टोपीवर थापा मारायला लागले. चेंडू कुठून गेला ते त्यांनी पाहिलंही नव्हतं.