वैद्यकीय नीतिशास्त्राचे खेळ अधिक सकस कसे करावेत

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून ‘एटकॉम’ हा वृत्ती, नीती आणि संवाद यांचा विभाग आला आणि नीतिशास्त्राच्या खेळांना वेळापत्रकात हक्काची जागा मिळण्याची सोय झाली. मात्र कार्डावर एक प्रसंग, त्याखाली चार पर्याय आणि ‘बरोबर’ उत्तराला दहा गुण, असा खेळ असेल तर विद्यार्थी रुग्णाचा विचार करण्याऐवजी शिक्षकाच्या मनातले उत्तर ओळखू लागतो. म्हणून सर्वप्रथम उत्तराचे गुण काढून टाकावेत आणि ते निर्णयामागील कारणाला द्यावेत. आपल्याला न पटलेली बाजू जो प्रामाणिकपणे मांडू शकेल, त्याला अधिक द्यावेत.

त्यानंतर प्रसंगातील माहिती खेळाडूंमध्ये वाटून टाकावी. वॉर्डच्या दाराशी मुलगा डॉक्टरांना अडवतो आणि म्हणतो, “आईला कॅन्सर झालाय हे तिला सांगू नका, ती खचून जाईल.” हा प्रसंग आपल्याकडे नित्याचा आहे. मुलगा, आई, सिस्टर आणि इंटर्न अशा चौघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या द्याव्यात. आईच्या चिठ्ठीत लिहावे : ‘मला सारे कळले आहे. घराची कागदपत्रे मार्गी लावायची आहेत, पण मुलगा रडेल म्हणून मी विचारत नाही.’ ही चिठ्ठी कोणी आईशी थेट बोलले तरच उघडावी. कोणीच बोलले नाही, तर ती फेरी संपल्यावर मोठ्याने वाचावी. स्वायत्तता, म्हणजे स्वतःबद्दलचा निर्णय स्वतः घेण्याचा रुग्णाचा हक्क, या शब्दाची व्याख्या पाठ करून जे उमगत नाही, ते त्या क्षणी उमगते, असे मला मनापासून वाटते.

प्रसंगाबद्दल कायदा काय म्हणतो हे सांगणारे कायद्याचे कार्ड निर्णयानंतरच उघडावे, कारण ते आधी दिसले की चर्चा तिथेच थांबते. संमतीच्या फेरीसाठी समीरा कोहली खटल्याचा आधार घ्यावा. केवळ निदानासाठी दुर्बिणीतून तपासणी करायची असताना, रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजांडकोश काढण्यात आले होते. रुग्ण सज्ञान होती, तातडीचा प्राणघातक धोका नव्हता, त्यामुळे आईची संमती पुरेशी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. ‘नातेवाइकांची सही घेतली म्हणजे झाले’ असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांना हे कार्ड बराच वेळ विचारात पाडते.

दहा मिनिटे खेळ झाला तर किमान वीस मिनिटे चर्चेला ठेवावीत. वेळ कमी पडला तर एखादी फेरी वगळावी, चर्चा कधीही वगळू नये. एका चिठ्ठीत वरिष्ठांना “सर, थोडं थांबूया” असे म्हणण्याचे काम कनिष्ठाकडे द्यावे, कारण नेमका हाच सराव प्रत्यक्ष वॉर्डात मिळत नाही. एखाद्याच्या घरी तसाच आजार असू शकतो, म्हणून कारण न सांगता कार्ड परत करण्याची मुभा प्रत्येकाला असावी. खऱ्या रुग्णावरून प्रसंग रचताना नाव, गाव, वय आणि व्यवसाय बदलावेत.

प्रत्येक कायद्याच्या कार्डामागे त्यातील मजकूर शेवटचा तपासल्याचे वर्ष लिहावे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होण्यापूर्वी बारा आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचे मत लागत असे. आता वीस आठवड्यांपर्यंत एकाचे पुरते. त्यामुळे कार्डांचा जुना संच दरवर्षी सत्र सुरू होण्यापूर्वी न्यायवैद्यक विभागातील सहकाऱ्याकडून वाचून घ्यावा.