चाकू जमवायचे कसे आणि जास्त झाले की कमी कसे करायचे

चाकू जमवायला निघालात तर पहिली खरेदी धार लावायच्या दगडाची करा, चाकू नंतर. उलटं वाटेल, पण संग्रह किती मोठा करायचा हे शेवटी एकाच गोष्टीवर ठरतं, की तुम्ही वर्षभर किती पात्यांना धार आणि तेल देऊ शकता. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच एवढं पाणी असतं की कपाटात नुसतं ठेवलेलं कार्बन स्टीलचं, म्हणजे स्टेनलेस नसलेलं पातंसुद्धा गंज धरतं, कोकणात तर बोलायलाच नको. बोथट आणि गंजलेले वीस चाकू असण्यापेक्षा लख्ख धारेचे पाच असावेत असं माझं ठाम मत आहे आणि खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

दगड घेताना १००० ग्रिटचा एक (ग्रिट म्हणजे दगडाचा बारीकपणा, आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) आणि ३००० च्या आसपासचा एक, किंवा दोन्ही बाजूंना वेगळी ग्रिट असलेला एकच, एवढ्यावर सुरुवात होते. शिकायचं घरातल्या साध्या स्टीलच्या सुरीवर. पातं दगडावर ठेवायचं, युरोपियन पद्धतीचा चाकू असेल तर साधारण २० अंश, जपानी असेल तर १५ च्या आसपास, आणि तो कोन न हलवता एका बाजूने घासत राहायचं, जोपर्यंत दुसऱ्या बाजूच्या कडेला बोटाच्या पेराला किंचित खरखरीत लागत नाही. त्याला बर म्हणतात. टाच ते टोक सगळीकडे बर आली की मगच बाजू बदलायची, सगळेजण इथेच घाई करतात. कोन जमतोय का हे बघायला धारेच्या कडेला काळ्या मार्करने रंगवा, दोन-चार वेळा घासा आणि रंग कुठून गेला ते बघा. शेवटी बारीक दगडावर हलक्या हाताने दोन्हीकडून, आणि पिकलेला टोमॅटो न दाबता कापून बघायचा, सालीवर पातं घसरलं तर अजून काम बाकी आहे. आणि चांगला चाकू कोरड्या फिरत्या चाकावर अजिबात देऊ नका, कड तापून निळी पडली की पात्याचं पाणी, म्हणजे तापवून-बुडवून आणलेला कडकपणा, उतरतं, मग कितीही घासा धार टिकत नाही.

खरेदीआधी कायदा बघून घ्या

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू, त्यात खुकरी आणि कृपाणसुद्धा, धारदार शस्त्रांच्या वर्गात धरलेत, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलीत. म्हणजे स्वयंपाकघरातला मोठा शेफ नाइफ वेगळा आणि भिंतीवर लावायला घेतलेली कट्यार वेगळी. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणावाराला, निवडणुकीला जे मनाई आदेश निघतात त्यात सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगायलाही बंदी येते, आणि तलवारी ऑनलाइन मागवणाऱ्यांवर आपल्याकडे पोलिसांच्या कारवाया झालेल्या आहेत. म्हणून माझा सल्ला असा, की कामाचे चाकू जमवा, तलवारी, खंजीर, बटण दाबून उघडणारे चाकू यांच्या नादी लागू नका. ट्रेकला न्यायचा असेल तर सॅकच्या तळाशी, कव्हरमध्ये. विमानात केबिन बॅगेत नाहीच, चेक-इन सामानात नीट गुंडाळून.

जमवायचं कसं

एका वेळी एक चाकू घ्या आणि पुढचा घेण्याआधी आधीच्याला निदान दोनदा तरी स्वतः धार लावलेली असू द्या. या एका नियमाने निम्मी वायफळ खरेदी वाचते.

सुरुवातीला तीन प्रकार पुरतात. खिशातला स्विस चाकू, कार्ल एल्सेनरने १८८४ साली इबाख गावात कारखाना काढला, १८९७ ला तो प्रसिद्ध ऑफिसरचा चाकू आला, आणि आज व्हिक्टोरिनॉक्सचे मधल्या साइजचे, म्हणजे मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणारे मॉडेल रोजच्या कामाला उत्तम. स्टील मऊसर आहे, लवकर बोथटतं पण पाच मिनिटांत परत धार येते आणि सहसा गंजत नाही, नवशिक्याला याहून चांगलं काय पाहिजे. दुसरा ओपिनेल, फ्रान्सच्या साव्वा भागातला, १८९० पासूनचा. आठ नंबरचा घ्या, पातं साडेआठ सेंटिमीटर, लाकडी मूठ आणि १९५५ पासून त्याला फिरवून लॉक करायची कडी आहे. फक्त पावसाळ्यात त्याची बीचच्या लाकडाची मूठ फुगते आणि पातं आत अडकून बसतं, तेव्हा जोर लावून ओढू नका, दोन दिवस कोरड्या जागी ठेवा, आणि पावसाच्या आधीच सांध्यात आणि मुठीला जवसाचं तेल मुरवून ठेवलंत तर हा त्रास बराच कमी होतो. तिसरा स्वीडनमधल्या मोरा गावचा न मिटणारा चाकू, प्लास्टिकच्या म्यानासकट येतो, स्वस्त आहे आणि कॅम्पवर लाकूड तासायला त्याच्यासारखा नाही.

जपानी चाकू याच्यानंतर. साकाई आणि सेकी या गावांची नावं त्यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि तिथल्या शिरोगामी, आओगामी या कार्बन स्टीलची पाती रॉकवेल (कडकपणा मोजायचं माप) ६० च्या वर कडक असतात. स्विस चाकू ५६ च्या आसपास. कडकपणामुळे धार जबरदस्त टिकते पण तेच पातं ठिसूळही असतं, म्हणून त्याने नारळ, सुकं खोबरं, सुरमईचे काटे, फ्रीझरमधलं मटण कापायला जाऊ नका, कडेचा टवका उडतोच. त्या कामाला आपला कोयता आहे.

आणि कोयत्याचं, विळीचं म्हणाल तर ते तुमच्या संग्रहात हवेतच. चांगला लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यापासून कोयता घडवतो, ते स्प्रिंग स्टील असतं, घाव सोसतं, तडकत नाही. आठवडी बाजारात बसलेल्या लोहाराकडून घेताना पातं नखाने वाजवून बघा, आवाज स्वच्छ यायला हवा, आणि पाणी कशात देता ते विचारा, ज्याला काम येतं तो अर्धा तास सांगत बसतो. आता कोयते विकताना काही शहरांत दुकानदार आधार कार्ड मागतात, मागितलं तर द्या.

डमास्कस, म्हणजे थरावर थर जोडून घडवलेलं स्टील, म्हणून स्वस्तात मिळणारे लाटा-लाटांचे चाकू लांबूनच बघा. बरेचदा ती नक्षी पात्यावर लेझरने नुसती उमटवलेली असते, थर वगैरे काही नसतात, आणि खरे थर असले तरी धार शेवटी मधल्या गाभ्याच्या स्टीलची. विकणाऱ्याला गाभा कोणत्या स्टीलचा आहे हे सांगता येत नसेल तर पुढे चला.

ठेवायचं कसं

कातडी म्यानात चाकू कायमचा ठेवू नका, कातडं ओल धरतं आणि पात्यावर डाग पडतात. म्यान वेगळं, चाकू वेगळा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. पात्याला तेल लावताना शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं नको, ते चिकट होतं, खवट होतं. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, खाण्याच्या कामाच्या चाकूंना तेच बेस्ट, बाकीच्यांना शिलाई मशीनचं तेल चालेल. कार्बनचं पातं कैरी, लिंबू, कांद्याने काळपट-निळं पडतं, ते घासून काढू नका, तो थर गंजापासून थोडाफार वाचवतोच. लाल-नारिंगी दिसलं तर मात्र तो गंज, लगेच काढा.

आणि आता कमी करायचं

यासाठी वर्षातला एक दिवस ठरवा. मला खंडेनवमी सगळ्यात योग्य वाटते, हत्यारं तशीही पुसून पूजेला मांडायचीच असतात आणि नुकताच पावसाळा संपलेला असतो, म्हणजे चार महिन्यांत कुठल्या चाकूकडे आपलं लक्ष होतं आणि कुठल्याकडे नव्हतं ते पात्यावरच लिहिलेलं असतं. सगळेच्या सगळे एका जुन्या चादरीवर काढा, किचनमधले, ट्रेकच्या सॅकमधले, गाडीतले, ऑफिसच्या ड्रॉवरमधलासुद्धा.

मग ब्रँडप्रमाणे न लावता कामाप्रमाणे लावा, भाजीचे एकीकडे, मासे-मटणाचे एकीकडे, खिशातले, बाहेरचे. एकाच कामाचे चार निघाले की प्रत्येकाने तीच वस्तू कापा, समजा एक बटाटा आणि एक दोरी, आणि हाताला कुठला बरा वाटतो ते बघा. किंमत आठवू नका, दिलेले पैसे काही परत येत नाहीत. प्रत्येक कामाला एक, फार तर दोन ठेवायचे आणि जो वर्षभर एकदाही दगडावर गेला नाही तो बाहेर. ठरत नसेल असे डब्यात घालून वर तारीख लिहा, पुढच्या खंडेनवमीपर्यंत डबा उघडावासा वाटला नाही तर निर्णय झालेलाच आहे.

आजीची विळी, वडिलांचा कोयता, अडकित्ता हे या हिशोबात धरू नका. ते घरचे आहेत, त्यांची झीजसुद्धा घरच्याच कुणाच्या तरी हाताची आहे. अडकित्त्यांचा नाद असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले एकदा बघून या, डोळे निवतात.

विकताना आधी न वापरलेले, डब्यासकट असलेले काढा, त्यांना भाव बरा येतो. वापरलेल्याचे फोटो उजेडात, दोन्ही बाजूंनी, धारेचा जवळून, आणि टवका किंवा डाग असेल तर तो आधी दाखवा. आपल्या माहितीतल्या, चाकूंचीच आवड असलेल्या माणसाला दोन पैसे कमी घेऊन दिलेला बरा. कोण घेतोय, कशासाठी घेतोय हे कळत नसेल तर देऊ नका, आणि अठराच्या खालच्या मुलांना तर नाहीच. नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्या भाचीला किंवा मित्राला भेट देणं मला सगळ्यात आवडतं, देण्याआधी धार लावून द्या. युरोपात चाकू भेट मिळाला की एक नाणं परत द्यायची पद्धत आहे, नात्यात धार येऊ नये म्हणून, तीही पाळायला हरकत नाही.

कुरिअरने पाठवताना जाड पुठ्ठ्याची दोन पट्ट्यांची म्यान करून टोकापाशी जादा पुठ्ठा दुमडा आणि टेप लावा, खोका हलवून बघा, आत काही सरकता कामा नये. मोडलेले, कुणालाच नको असलेले चाकू ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नका, कचरा वेचणाऱ्या ताईंचा हात कापतो. दगडावर धार उभी घासून मारा, कापडात गुंडाळून टेप लावा आणि भंगारवाल्याला आत पातं आहे असं सांगून द्या.