७ दिवसांचा पार्लर कोर्स करायचा विचार आहे? फी भरायच्या आधी एवढं बघा

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोल्हापुरात पार्लर कोर्सच्या जाहिराती सुरू होतात, राजारामपुरीत बघा नाहीतर शाहूपुरीत, ७ दिवसात ब्युटीशियन, १५ दिवसात स्किन एक्सपर्ट, वर सर्टिफिकेट. माझं पार्लर आहे, असे कोर्स केलेल्या मुली काम मागायला येतात. कष्टाची तयारी असते, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून फी भरलेली असते, पण समोर कस्टमर बसलं की पोरगी गांगरते. म्हणून स्पष्टच सांगते, नुसत्या शॉर्ट कोर्सवर ब्युटी थेरपिस्ट होता येत नाही. पण ते कोर्स अगदीच वाया असंही नाही, कुठला कधी करायचा हे कळायला पाहिजे.

आधी तास मोजा. ७ दिवस रोज ३ तास म्हटलं तर झाले २१ तास, त्यातच नोट्स, त्यातच फोटो, आणि बॅचमध्ये १५ जणी असतील तर तुमच्या हाताला काम किती येणार ते तुम्हीच बघा. सिडेस्को नावाचा जो जगभर चालणारा डिप्लोमा आहे त्याला कमीत कमी १२०० तासांचं ट्रेनिंग लागतं. आपल्या आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजी ट्रेड पण एक वर्षाचा आहे, दहावी पास लागते, आणि फी प्रायव्हेटच्या मानानं कितीतरी कमी. कळंबा रोडच्या आयटीआयमध्ये जाऊन यंदा सीट आहेत का एवढं तरी विचारून या, मग बाकीचं.

आता मेन मुद्दा. थ्रेडिंग, वॅक्स कसं करायचं हे थोड्या दिवसात दाखवता येतं, पण कुणाला करायचं नाही हे शिकायला वेळ लागतो आणि शॉर्ट कोर्समध्ये नेमकं तेच राहतं. समजा एखादी मुलगी वॅक्सला आली आणि तिला पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत. त्या गोळ्यांनी कातडी नाजूक होते, पट्टी ओढली की केसाबरोबर वरची कातडी पण निघून येते, गोळ्या बंद केल्यावरही साधारण ६ महिने वॅक्स नको असं सांगतात. पिंपल्स-सुरकुत्यांसाठीची रेटिनॉलची क्रीम चेहऱ्याला लावत असेल तर अप्पर लिपला पण तोच धोका. शुगर असलेल्या मावशी पेडिक्युअरला आल्या तर त्यांच्या पायाला बऱ्याचदा संवेदना कमी असते, टाचेवर ब्लेड लागलेलं त्यांना कळत नाही आणि जखम भरता भरत नाही. भुवईजवळ बारीक चामखीळ असेल तर दोऱ्यानं ती कापली जाते आणि आजूबाजूला पसरते. हेअर कलरच्या आधी ४८ तास कानामागं पॅच टेस्ट पाहिजेच, मागच्या वेळी काही झालं नाही म्हणजे यावेळी होणार नाही असं नसतं, डायमधल्या पीपीडी नावाच्या केमिकलची ॲलर्जी नंतर पण उठते आणि अख्खा चेहरा सुजतो. क्लासवाल्या मॅडमना यातला एक तरी प्रश्न विचारा. उत्तर नीट आलं तर पुढं बोला.

फी भरायच्या आधी एक दिवस बसू द्या म्हणावं. वॅक्सचं प्रॅक्टिकल चालू असताना फक्त स्पॅच्युलाकडं, म्हणजे वॅक्स लावायच्या काडीकडं लक्ष ठेवा. एकीच्या काखेला लावलेला स्पॅच्युला परत डब्यात बुडवला तर तो क्लास सोडून द्या. मॅडम वॅक्स आधी स्वतःच्या मनगटावर लावून गरम किती आहे बघतात का, कातडी दुसऱ्या हातानं ताणून धरतात का, पट्टी वर न उचलता कातडीला समांतर ओढतात का. आणि औजारं कशी स्वच्छ करतात ते विचारा, यूव्हीचा डबा दाखवतील, पण तो स्वच्छ केलेली औजारं ठेवायला असतो, त्यानं निर्जंतुक होत नाही. ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाच्या वाफेचं मशीन, त्यात १२१ डिग्रीला १५ मिनिटं, त्याला म्हणायचं निर्जंतुक.

सर्टिफिकेटवरचे लोगो बघून हुरळून जाऊ नका. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कारभाराचं असतं आणि उद्यम म्हणजे धंद्याची नोंदणी, कोर्सला मान्यता असल्याचा तो पुरावा नव्हे. एनसीव्हीटी (आयटीआयचं सर्टिफिकेट देणारी केंद्र सरकारची परिषद) किंवा ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचं नाव आहे का, असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट लेव्हल ३ की ब्युटी थेरपिस्ट लेव्हल ४ असं स्पष्ट लिहिलंय का, ते शोधा. दुकान टाकायला शॉप ॲक्ट काढताना तुम्ही काय शिकलाय हे कोण विचारत नाही, म्हणून तर ही जबाबदारी आपलीच आहे.

साडी ड्रेपिंग, नेल आर्ट, हेअरस्टाईल, ब्रायडल मेकअप याचे शॉर्ट कोर्स बेसिक पक्कं झाल्यावर खुशाल करा, लग्नसराईत पैसे वसूल होतात. पण मायक्रोब्लेडिंग (भुवईच्या कातडीत रंग भरणं), मायक्रोनीडलिंग (कातडीला बारीक सुया टोचणं), केमिकल पील (ॲसिड लावून वरची कातडी काढणं) असले २ दिवसाचे वर्कशॉप नवीन मुलींनी अजिबात करू नयेत. सुई कातडीत गेली की रक्त आलं, रक्त आलं की हेपेटायटिस बी आणि एचआयव्हीचा धोका आला. आणि आपल्या सावळ्या कातडीवर पील जास्त झालं तर काळे डाग पडतात ते महिनोन्‌महिने जात नाहीत, लग्नाच्या तोंडावर एखाद्या पोरीचं असं झालं तर तिला काय सांगणार तुम्ही?

वर्षभर कोर्स जमणारच नाही, कागलहून नाहीतर पन्हाळ्याहून एसटीनं ये-जा आहे, घरात लहान बाळ आहे, हे मला पण कळतं. मग थ्रेडिंग, वॅक्स, क्लीनअप एवढ्याचाच कोर्स करा आणि सहा महिने तरी कुणाच्या तरी पार्लरमध्ये हाताखाली राहा. सुरुवातीला पैसे कमी मिळतील, मिळू देत. एक वही ठेवा, प्रत्येक कस्टमरला गोळ्या, शुगर, ॲलर्जी, प्रेग्नन्सी विचारून लिहून घ्या, आणि शंका आली तर ताई आज नको, आधी डॉक्टरांना दाखवा असं सांगून मोकळं व्हा. फी भरताना हप्ते करून घ्या, पावती घ्या, मध्येच सोडलं तर किती परत मिळणार ते लिहून मागा, लिहून द्यायला तयार नसतील तर दुसरा क्लास बघा.