गुप्तांगावरची चामखीळ: क्रीम कसं लावायचं, मन कसं सांभाळायचं

गुप्तांगावर चामखीळ दिसली की आधी मन पोखरतं: लाज, जोडीदारावर संशय. पण ही चामखीळ ज्यामुळे येते तो एचपीव्ही विषाणू कित्येक महिने गप्प राहतो, म्हणून दोष कुणाचा हे ठरवता येत नाही. भांडू नका. बहुतेकदा यामागे या विषाणूचे ६ आणि ११ क्रमांकाचे प्रकार असतात; त्यांतून सहसा कॅन्सर होत नाही.

डॉक्टरांनी ५ टक्के इमिक्विमॉड क्रीम दिलं असेल तर सोमवार, बुधवार, शुक्रवार झोपताना फक्त चामखिळीवर पातळ थर चोळा. ६ ते १० तासांनी साबणाने धुवा. लवकर जावी म्हणून जास्त थापलं की कातडी सोलवटते, मग ठाणे-वाशी लोकलमध्ये बसवतही नाही. पायाच्या कुरुपाचं औषध तिथे अजिबात नको. गरोदर असाल तर आधी सांगा. सरकारी रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’, म्हणजे लैंगिक आजारांवरचा दवाखाना, कुठे आहे ते विचारा.