ज्युनियर कॉलेजच्या बास्केटबॉल संघात जागा शोधताना

अमेरिकेतील ज्युनियर कॉलेज म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे, तर बारावीनंतरचे दोन वर्षांचे महाविद्यालय. तिथे खेळू इच्छिणारी मुले शेकडो प्रशिक्षकांना एकच ईमेल पाठवतात आणि उत्तराची वाट पाहत बसतात. त्याऐवजी पुढीलप्रमाणे करावे.

१. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील संघाची यादी उघडून आपल्याच जागेवर (पोझिशनवर) खेळणारे ‘सोफोमोर’, म्हणजे दुसऱ्या वर्षाचे खेळाडू मोजावेत. ते सहसा त्याच हंगामानंतर बाहेर पडतात, त्यामुळे चारपैकी तीन गार्ड (चेंडू पुढे नेणारे व बाहेरून खेळणारे खेळाडू) सोफोमोर असतील तर तिथे गार्डची गरज निघणारच.

२. अशा निवडक प्रशिक्षकांनाच नावानिशी लिहावे. विषयाच्या ओळीत नाव, शाळा संपण्याचे वर्ष, जागा आणि उंची द्यावी. उंची बूट काढून मोजलेलीच असावी, कारण दोन इंच वाढवून सांगितलेले पहिल्याच भेटीत उघडे पडते.

३. तीन-चार मिनिटांची चित्रफीत जोडावी, जर्सीचा रंग व क्रमांक लिहावा आणि एका पूर्ण सामन्याचा दुवाही द्यावा. नुसते डंक, म्हणजे उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्ये घालणे, पाहून बचाव कळत नाही.

पैशांची बाब आधीच तपासावी. ज्युनियर कॉलेजांची क्रीडा संघटना एनजेसीएए, हिच्या तिसऱ्या विभागात आणि कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत (सरकारी ज्युनियर कॉलेजांत) क्रीडा शिष्यवृत्ती मिळत नाही. पुढे चार वर्षांच्या महाविद्यालयांची संघटना एनसीएए, हिच्या पहिल्या विभागात जायचे असल्यास शाळेतील सोळा ‘कोअर’, म्हणजे इंग्रजी-गणितासारख्या मुख्य विषयांचे वर्षभराचे अभ्यासक्रम मात्र अर्धवट सोडू नयेत.