व्यसनमुक्ती केंद्र शोधताय? आधी या चुका टाळा

महिन्यातून पाच-सहा फोन तरी येतात. माझा नंबर कुणीतरी कुणाला तरी दिलेला असतो, आवाज अनोळखी, वेळ बहुतेक रात्री साडेदहानंतरची आणि पहिलं वाक्य ठरलेलं. "दादा, एखादं चांगलं सेंटर सांगा, उद्याच न्यायचंय." दहा वर्षं पिणं चाललेलं असतं, त्या दहा वर्षांत घरातल्या एकानंही डॉक्टरला विचारलेलं नसतं, पण आता उद्याच. मी स्वतः अकरा वर्षं सोबर आहे, म्हणजे दारूला हात लावलेला नाही, दोन केंद्रं आतून बघितलीत, एक वाईट आणि एक बरं, आणि आता आमच्या कराड भागात फॉलोअपच्या मिटिंगला खुर्च्या लावायचं काम करतो. डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. पण त्याच त्या चुका ऐकून कान किटलेत, म्हणून एकदा लिहून टाकतोय.

"ते घरी येऊन उचलून नेतात"

ही सगळ्यात आवडती चूक. लोक हे असं सांगतात जसं काही गॅस सिलेंडरची होम डिलिव्हरी आहे. केंद्र चांगलं का, तर गाडी पाठवतात.

माझं पहिलं ॲडमिशन असंच झालं. शुक्रवारची रात्र, अकरा वाजले असतील, मी कॉटवर आडवा आणि दारात बोलेरो. चौघं आत आले, दोघांनी काखेत धरलं, दोघांनी पाय. मला त्यातलं धड काही आठवत नाही पण एक पक्कं आठवतं, दादा दारात माझ्या चपला हातात घेऊन उभा होता, पायात घालाव्यात की गाडीत टाकाव्यात हे त्याला कळत नव्हतं. चपला घरीच राहिल्या. गाडीचे पैसे वेगळे, तीन महिन्यांचे आगाऊ, आणि बायकोला सांगितलं की महिनाभर फोन नाही, भेट नाही, पेशंट घरच्यांना इमोशनल करतो.

आता मी होतो रोज पिणारा. सकाळी उठल्या उठल्या नाईन्टी पोटात गेल्याशिवाय चहाचा कप धरता यायचा नाही. दारू वर्षानुवर्षं मेंदूला दाबून ठेवते आणि मेंदू उलट जोर लावत राहतो, मग दारू एकदम तोडली की दाब जातो पण तो जोर तसाच उरतो आणि उसळतो. आधी हाताला कापरं, घाम, उलट्या. फिट यायची असली तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर काही जणांना ताप, भास, बरळणं सुरू होतं, त्याला डॉक्टर डीटी म्हणतात, आणि त्यावर उपचार झाले नाहीत तर माणूस जाऊ शकतो. गर्दवाल्यांची, म्हणजे ब्राउन शुगर घेणाऱ्यांची टर्की (नशा तोडल्यावर होणारा हा त्रास) बघवत नाही हे खरं, पण धडधाकट माणसाच्या जिवाला दारूची टर्की त्याहून धोक्याची, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही, कारण दारू काय, सगळेच पितात.

त्या केंद्राला डॉक्टर होते. व्हिजिटिंग. म्हणजे गुरुवारी यायचे. मी गेलो शुक्रवारी रात्री आणि रविवारी पहाटे मला फिट आली. ड्युटीवर कोण, तर माझ्या आधी वीस-बावीस दिवस आलेला एक पेशंटच, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला. तो आधी म्हणाला नाटकं करतोय आणि तोंडावर पाण्याचा तांब्या मारला. मग जीभ चावून रक्त आलेलं दिसल्यावर घाबरला, मालकाला फोन लावला, मालक उचलेना. उजाडल्यावर सिव्हिलला नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, शेवटची दारू कधी घेतली? कुणालाच सांगता येईना, कारण केंद्रात आत घेताना ते कुणी विचारलंच नव्हतं, फॉर्मवर नाव, पत्ता आणि मिळालेली रक्कम एवढंच. बाईंनी आधी बी-वन व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिलं, मग बाकीचं सुरू केलं. पुढच्या दोन रात्री मी वॉर्डातल्या पंख्यावर बसलेल्या माणसांना खाली उतरा म्हणून ओरडत होतो, असं दादा सांगतो. मला काही आठवत नाही, दादाला सगळं आठवतं.

त्यावरून आठवलं, "घरीच एक ग्लुकोजची सलाईन लावून घेऊ, उतरेल" हा जो शॉर्टकट आहे ना तो कृपा करून नको. जेवण सोडून पिणाऱ्याच्या अंगात बी-वनचा आधीच खडखडाट असतो, त्यात नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून बाईंनी आधी ते इंजेक्शन दिलं.

तेव्हापासून कुणीही कुठल्याही केंद्राचं नाव घेतलं की मी सांगतो, फोन लावा आणि एकच विचारा, "तिसऱ्या रात्री तीन वाजता आमच्या माणसाला फिट आली तर तिथं कोण जागं असेल?" उत्तरात नर्सचं किंवा डॉक्टरचं नाव आलं, कुठल्या हॉस्पिटलला हलवतात ते आलं, तर पुढं बोला. "तुम्ही टेन्शन घेऊ नका, आपली मुलं असतात" असं आलं तर ठेवा फोन. मला तरी याच्यापेक्षा चांगली परीक्षा सापडलेली नाही.

आणि उचलून नेण्याचं कायद्यानं काय? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार धरलेत आणि पेशंट ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. पेशंटची स्वतः निर्णय घ्यायची स्थितीच नसेल तर घरच्यांच्या अर्जावर ॲडमिशन होतं, पण त्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा तज्ज्ञ, अशा दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं आणि ते ॲडमिशनही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांचं. बोलेरोतली चार पोरं यात कुठंच बसत नाहीत. साखळीनं बांधायला बंदी आहे, जबरदस्तीनं टक्कल करायला बंदी आहे, फोन करायचा हक्क आहे. नोंदणीचं सर्टिफिकेट दाखवा म्हणायला लाजू नका. "सोसायटीचं रजिस्ट्रेशन आहे ना" असं म्हणून धर्मादाय आयुक्तांचा कागद पुढं करतात, तो वेगळा, संस्थेचा. तो कुणालाही मिळतो, आमच्या गणेश मंडळाकडे पण आहे.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

फोटो बघून ठरवणं. स्विमिंग पूल बघून काय करायचंय? संडास बघा, स्वयंपाकघर बघा, आणि जमलं तर जेवायच्या वेळेला न सांगता जा. आत सोडलंच नाही तर तेच उत्तर.

गॅरंटी. "शंभर टक्के सुटणार" म्हणणाऱ्याला हात जोडून बाहेर पडा.

"वेड्यांच्या दवाखान्यात नाही नेणार." ही चूक चांगल्या शिकलेल्या घरांतून येते. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या सरकारी मनोरुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ असतात, जिल्ह्याच्या सिव्हिललाही मानसोपचार विभाग असतो, पैसे नावाला लागतात. पण पाहुणे काय म्हणतील. पाहुण्यांनी तुमच्या माणसाला गटारीत पडलेला चारदा बघितलाय हो. २०१९ साली एम्सचा देशभराचा सर्व्हे आला, त्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसले तरी उपचार मिळतात असं निघालं. उरलेले ३७ जण काय पैशाअभावी राहिलेत असं मला तरी वाटत नाही.

चहातून पावडर. "त्याला न सांगता दारू सोडवा" म्हणून ज्या पुड्या विकतात त्यात काय असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि काही जण मेडिकलमधून डायसल्फिरामच्या गोळ्या आणून भाजीत कालवतात. ती गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, बीपी खाली, हार्टचा पेशंट असेल तर खेळ खलास. ती गोळी पेशंटला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरनीच द्यायची असते. एका वहिनींनी मला अभिमानानं सांगितलं होतं की मी आमटीत घालते. मी त्यांना आधी मिस्टरांचा ईसीजी कधी काढला ते विचारलं. कधीच नाही.

दुसरी मोठी चूक: बाराव्या दिवशी घरी आणणं

ह्यावर माझं आणि बऱ्याच घरांचं भांडण झालंय. पहिले आठ-दहा दिवस टर्कीतून बाहेर पडण्यात जातात. मग पेशंट जेवायला लागतो, चेहऱ्यावर तेज येतं, भेटायला आलेल्या आईच्या गळ्यात पडून रडतो, मला सगळं कळलंय आई, आता हात लावणार नाही. खोटं नसतं ते, त्या क्षणी त्याला मनापासून तसंच वाटत असतं, मलाही वाटलं होतं. आई विरघळते, बहिणीचं लग्न निघतं, नाहीतर ऊस तोडायला आलेला असतो, आणि सही करून नेतात घरी. अंगातली दारू उतरली म्हणजे माणूस सुटला असं धरून चालतात. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून पुण्यात चालू आहे, त्यांचा कोर्स ३५ दिवसांचा, आणि ते ३५ दिवससुद्धा ही नुसती सुरुवात असते. माझी खरी परीक्षा बाहेर आल्यावर पगाराच्या दिवशी झाली, संध्याकाळी सहाला स्टँडसमोर, खिशात पैसे आणि रस्त्यात ओळखीचा बार.

गर्द, ब्राउन शुगरवाल्यांच्या बाबतीत तर अर्धवट आणणं जिवावर बेततं. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरलेली असते आणि पोरगं बाहेर येऊन जुन्याच मापानं घेतं. श्वास बंद पडतो. हे केंद्रानं तुम्हाला सांगितलं नसेल तर केंद्र कच्चं आहे.

म्हणून माझा दुसरा प्रश्न असतो, "छत्तिसाव्या दिवशी तुम्ही काय करता?" फॉलोअपची तारीख, जवळच्या एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट) मिटिंगचा पत्ता, बायकोसाठी आई-बापासाठी वेगळी बैठक, स्लिप झाली, म्हणजे परत प्यायला, तर फोन कुणाला करायचा, यातलं काहीतरी ठोस आलं पाहिजे. दुसऱ्या वेळी मी जिथं गेलो तिथं बायकोला दर आठवड्याला बोलावत. ती पहिल्यांदा चिडली, पितो हा आणि क्लासला मी? पण जात राहिली. आजही माझ्यापेक्षा तिलाच ते जास्त समजलंय असं मला वाटतं, तिला तसं सांगत नाही.

बॅग भरताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि एका कागदावर शेवटची दारू कधी, किती, कुठली, पूर्वी फिट आली होती का, एवढं लिहून द्या. आफ्टरशेव्ह आणि सॅनिटायझर घरी ठेवा, का ते विचारू नका. आणि काहीच सुचत नसेल तर १४४४६ ही सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्री साडेदहाला मला उठवण्याआधी तिथं लावून बघा.

परवा तासगावकडून एका पोराचा फोन होता, वडलांसाठी. "काका, तुम्ही सांगितलेला तीन वाजताचा प्रश्न विचारला त्यांना." मग काय म्हणाले? "म्हणाले, एवढा विश्वास नसेल तर आणू नका." बरं झालं म्हटलं, आता पुढचा नंबर लाव.